पाटलांच्या मागच्या पडवीचे पडदे

मोरा बंदरात येसाजीला कुणी कापडाचा नवा तागा दाखवला, की तो आधी त्याचा वास घ्यायचा. मग कडेचा एक धागा उपसून दातांत धरायचा आणि मान हलवून म्हणायचा, "खळ हाय ह्यात." खळ नसली तरी म्हणायचा.

तो शिडं शिवणारा. उरणच्या मिठागरांचं मीठ भरून मुंबईला जाणाऱ्या गलबतांना आधी त्याच्या बापाच्या हातची शिडं असत, मग त्याच्या हातची. तरुणपणी, देश नुकताच स्वतंत्र झाला होता त्या सुमाराला, त्याने मामेभावाला भागीत घेतलं. मामेभावाने चांगल्या कापडाखाली भिजून कुजलेलं कापड दडवून आणलं आणि ते शीड करंज्याच्या तोंडाशी ऐन वाऱ्यात उभं फाटलं. गलबत खडकावर जाता जाता वाचलं. गलबताच्या तांडेलाने बंदरावर सगळ्यांदेखत येसाजीच्या कानाखाली वाजवली. मामेभाऊ कुठे पळाला ते कळलंच नाही. तेव्हापासून येसाजीच्या मनात संशय जो शिरला, तो भाडं न देणाऱ्या बिऱ्हाडकरूसारखा तिथेच राहिला. दूधवाल्यावर संशय, वाण्याच्या तराजूवर संशय, सोयरीक घेऊन येणाऱ्यावर तर दुप्पट संशय. त्याची बायको भागुबाई हसून म्हणायची, "माझ्या आईने तुमाला जावई केलं तवा तिने बी थोडा संशय घ्यायला पायजे व्हता."

पुढे लाँची आल्या, होड्यांना मशिनं बसायला लागली आणि शिडांचं काम आटत गेलं. येसाजीच्या ओसरीवर दाभण आणि मेणाचा गोळा धूळ खात पडले. त्याला पुन्हा काम दिलं ते हरेश्वरने. हरेश्वरचं बंदराच्या तोंडावर चहाचं दुकान होतं. आषाढात समुद्रावरून वारा सुटला की झड थेट चुलीत यायची. माडाच्या झावळ्यांचे झाप बांधले तर वारा दोन दिवसांत त्यांच्या चिंध्या करी. गोणपाट लावलं तर ते ओलं होऊन गिऱ्हाइकाच्या तोंडावर फटाफट बसे.

येसाजी दुकानासमोर बराच वेळ उभा राहिला. मग घरी जाऊन त्याने जुनं शीड उलगडलं, पट्टे कापले आणि कुजू नयेत म्हणून ऐनाच्या सालीच्या काढ्यात भिजवून वाळवले. पट्टे जोडताना आडव्या पिशव्या ठेवून त्यांत बांबूच्या कामट्या सारल्या. दोन्ही कडांना पितळी कड्या शिवल्या. दुकानाच्या वाशापासून खालच्या दगडापर्यंत दोन दोर ताणून बांधले आणि कड्या त्या दोरांत ओवल्या. पडदा कप्पीवरून खाली सोडायचा, तळाची लाकडी बल्ली आकड्यांत अडकवायची. मग वारा काय करणार? पडदा गलबताच्या शिडासारखा पोट फुगवी, पण जागचा हलत नसे.

त्या पावसाळ्यात हरेश्वरची चूल एकदाही विझली नाही. दुसऱ्या वर्षी बंदरावरच्या सगळ्या दुकानांनी पडदे लावले, मग उरणच्या वाण्यांनी, मग केगाव-नागावच्या समुद्राकडेच्या घरांनी. लोक त्यांना शिडाचे पडदे म्हणत. येसाजी मात्र एखाद्याने दोन पडदे सांगितले तरी विचारायचा, "दोन कशाला? तुज्या घराला तर एकच वारा लागतो."

आणि अशा माणसाकडे नागावचे बुधाजी पाटील दसरा झाल्यावर आले.

पाटलांचं स्वतःचं मिठागर होतं, घर कौलारू, मागे नारळ-सुपारीची वाडी आणि वाडीपलीकडे समुद्र. गंभीर माणूस. ओसरीवर बसले, पाणी प्यायले नाहीत, आणि म्हणाले, "मागच्या पडवीला पडदे पायजेत. तिन्ही अंगांना."

"पाऊस गेला, पाटील. आता पडदे कशाला?"

"थंडीचा वारा येतो."

"तो तर डोंगराकडून येतो, पुढल्या अंगाला. आणि तिन्ही अंगांना? शेजाऱ्याच्या बाजूला तर वारा लागतच न्हाय."

पाटील जायला उठले. "दुहेरी कापडाचे कर. खाली फट राहता कामा नये. आणि माप घ्यायला यायची गरज न्हाय, मीच दोरीला गाठी मारून पाठवतो."

भावावरून ते एक शब्द बोलले नाहीत. ते गेले आणि येसाजीच्या मनात पाल चुकचुकली. घासाघीस न करणारं गिऱ्हाईक त्याने जन्मात पाहिलं नव्हतं.

"पाणी मुरतंय," तो भागुबाईला म्हणाला.

"तुमच्या डोक्यात," ती म्हणाली.

पण दुसऱ्याने घेतलेल्या मापावर येसाजीने कधी कापड कापलं नव्हतं आणि पाटलांसाठीही कापणार नव्हता. दोरी यायच्या आधीच तो नागावला गेला. पुढून हाक न मारता वाडीतून आला. मागच्या पडवीला तेव्हा जुन्या लुगड्यांचे आडोसे बांधले होते. आतून फिनेलचा उग्र वास आला. मग काचेला काच लागल्याचा आवाज आला, किणकिण. बाटल्या. एक नाही, पुष्कळ.

तेवढ्यात पाटलीणबाई मोरीतून आल्या आणि त्याला पाहून पांढऱ्याफटक पडल्या. मागोमाग पाटील आले. "तुला सांगितलं व्हतं ना, येऊ नको म्हनून?"

"माप मी माझ्या हातानंच घेतो, पाटील."

"मग बाहेरून घे. आत पाऊल टाकू नको."

येसाजीने बाहेरून माप घेतलं. त्याचे हात दोरीवर होते आणि कान आत. माणसाचा आवाज आला नाही. आत कुणी असेल तर ते श्वास धरून होतं.

ते दारूबंदीचे दिवस होते. किनाऱ्यावर काय काय उतरतं हे लहान पोरांनाही माहीत होतं. कोणाच्या वाडीत भट्टी, कोणाच्या विहिरीत डबे. येसाजीने मनाशी जुळवाजुळव केली: समुद्राकडची पडवी, तिन्ही बाजूंनी बंद, शेजाऱ्यापासून लपवलेली, आत बाटल्या. राहिलेली कडी आठवड्याभरात मिळाली. भाऊच्या धक्क्यावरून आलेल्या लाँचीतून पाटील उतरले, तेव्हा त्यांच्या खांद्यावर गवत भरलेली लाकडी पेटी होती. हमालाने हात पुढे केला तर त्यांनी त्याला कोपराने ढकललं. एवढा मिठागराचा मालक, स्वतः पेटी वाहतोय!

येसाजी हरेश्वरच्या दुकानात बसला होता. बशीतला चहा तसाच ठेवून तो पेटीकडे बघत राहिला.

"काय रे, भूत दिसलं काय?" हरेश्वरने विचारलं.

"भूत न्हाय. बाटल्या दिसल्या," येसाजी म्हणाला. मग आवाज खाली आणून, पण शेजारच्या बाकावर ऐकू जाईल एवढाच खाली आणून, त्याने सगळं सांगितलं. पडवी, लुगड्यांचे आडोसे, फिनेलचा वास. "दारूचा वास मारायलाच फिनेल टाकतात," असं स्वतःचं ज्ञानही त्यात घातलं. बाकावर लाँचीची वाट बघणारी माणसं होती. ती ऐकत नव्हती असं दाखवत होती.

पडदे त्याने शिवून दिले. इतके घट्ट पडदे त्याने याआधी कधीच केले नव्हते. कामट्या जवळ जवळ, कडा दुहेरी, खालची बल्ली जमिनीला चिकटून. आकडे आतून लावायचे, बाहेरून त्यांचा पत्ताही लागू नये. संशय होता म्हणून काम वाईट करावं असं त्याच्या हातांना शिकवलेलंच नव्हतं. पाटलांनी पडदे आपल्या हाताने लावून घेतले. येसाजी वाडीत उभा राहून नुसता सांगत होता.

थोड्याच दिवसांनी एका सकाळी बंदरावर बोंब झाली की नागावला पाटलांच्या घरावर धाड पडलीय. येसाजी हातातलं दाभण टाकून उठला. भागुबाईने विचारलं, "कुठे?" तो म्हणाला, "बघून येतो." खरं बोलायचं तर त्याला आपण बरोबर होतो हे बघायचं होतं. वाटभर त्याच्या छातीत एक बारीकसा आनंद होता.

वाडीत गाव लोटलं होतं. शिपाई पडद्यांशी झटत होते. बल्ली उचलली जात नव्हती, आकडे सापडत नव्हते. पाटील हात जोडून म्हणत होते, "सायेब, आत बाईमाणूस हाय. तुमी एकटे या, पुढल्या दाराने या, मी दाखवतो." फौजदाराला ती सबब वाटली. त्याने मान हलवली तशी एका शिपायाने सुरी काढली आणि पडदा वरून खाली फाडला. दुहेरी कापड फाटताना मोठा आवाज झाला.

आत दारू नव्हती. एक खाट होती, खाटेवर एक तरुण बाई. हाडांवर कातडं ताणलेलं, डोळे मोठे झालेले. उशाशी फळीवर औषधाच्या छोट्या बाटल्या रांगेने मांडलेल्या, काही भरलेल्या, पुष्कळशा रिकाम्या. खाटेखाली फिनेल घातलेलं थुंकायचं भांडं.

ती पाटलांची थोरली मुलगी काशी होती. परळला दिलेली. गावाला सांगितलं होतं की ती सासरी सुखात आहे. सासरच्यांनी क्षय झाला म्हणून उन्हाळ्यातच परत पाठवली होती, आणि बापाने तिला रातोरात घरात घेतलं होतं. मुंबईच्या डॉक्टरने सुया लिहून दिल्या होत्या आणि सांगितलं होतं, कोंदट खोलीत ठेवू नका, समुद्राच्या हवेत ठेवा, पण वारा अंगावर घेऊ देऊ नका. पाटलांच्या घरात धाकटीचं लग्न ठरलेलं होतं. क्षयाचं नाव निघालं असतं तर ते मोडलं असतं.

लोक एक पाऊल मागे सरले. कोणी पदर नाकाला लावला. कोणी मात्र मान उंच करून बघतच राहिलं. काशी खाटेवर उठून बसली. तिने तोंड झाकलं नाही.

"बघा," ती म्हणाली. आवाज बसलेला होता, पण सगळ्यांना ऐकू गेला. "पोटभर बघा."

तिची नजर फिरत फिरत येसाजीवर आली आणि पुढे गेली. ती त्याला ओळखत नव्हती. येसाजी माडाआड झाला.

धाकटीचं लग्न आठवड्यात मोडलं. मिठागरावरच्या बायका पाटलांच्या घरचं पाणी पिईनात. शेजाऱ्याने मधल्या दगडी गडग्यावर काटे रचले. आणि येसाजी, नेहमीप्रमाणे, दुसऱ्या कुणाचा तरी दोष शोधायला निघाला. तो तडक हरेश्वरकडे गेला.

"तूच सांगितलंस पोलिसांच्या नाक्यावर."

हरेश्वर कपबश्या विसळत होता. त्याने वरही पाहिलं नाही. "मी कुणाला काय सांगू? चार माणसांत बोललास तू. माझ्या दुकानात बोललास. मी काय लोकांच्या कानांत बोळे घालायचे व्हते?"

"नाव कोणी पोचवलं ते सांग."

"लाँचीला माणसं किती येतात नि जातात, येसाजी. शोध आता."

घरी भागुबाई भाकऱ्या थापत होती. तिने हात थांबवले नाहीत. "तुमी गेलेलात ना नाक्यावर?"

"शपथ घेतो. न्हाय गेलो."

"मग हरेश्वरकडे काय बोललात?"

येसाजी दोऱ्याला मेण लावत बसला. तिने तव्यावरची भाकरी उलटली. "तुमी गेलात का न्हाय, मला ठाव न्हाय. पण शपथ घेऊ नका."

आयुष्यभर त्याने दुसऱ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर आता त्याच्या घरातच त्याच्यावर लागली. तो उशिरा आला तर ती विचारी, कुठे व्हता. बंदरावर कुणाशी बोलत होता ते तिला आधीच कळलेलं असे. लोकही त्याला पाहून गप्प व्हायला लागले. कोणी म्हणे शिपायांनी त्याला बक्षीस दिलं. कोणी म्हणे पडदे त्याने मुद्दामच तसे शिवले. त्याने एकदा एकाला धरून खडसावलं, तर तो म्हणाला, "मी कुठं तुझं नाव घेतलं?" हे वाक्य येसाजीला चांगलं ओळखीचं होतं. तो स्वतः ते कित्येकदा ऐकून न ऐकल्यासारखं करत आला होता.

शेवटी एका दुपारी त्याने कापड, दाभण, दोरा घेतला आणि नागावची वाट धरली. भीती होतीच. गावाचा क्षयाबद्दल जो समज तोच त्याचा. त्याने नाकातोंडाला फडकं बांधलं. वाडीत शिरला तेव्हा फाटलेला पडदा अजून तसाच लोंबत होता, आणि पाटलीणबाईंनी भोकाला घोंगडी टाचली होती. घोंगडी वाऱ्याने सारखी उडत होती.

पाटील पुढे आले. त्यांचा चेहरा वाळला होता. "आता काय बघायचं राहिलं?"

"पडदा शिवतो."

"कुणी पाठवलं तुला? ह्या वेळी कुणाला जाऊन सांगायचं हाय?"

पाटलांनी गडग्याकडे बोट दाखवलं. येसाजी वळला. तेवढ्यात घोंगडीमागून आवाज आला, "बाबा, शिवू दे त्यांना. वारा येतोय मला."

पाटील मिठागराकडे निघून गेले.

येसाजी बाहेर बसून शिवायला लागला. कापडाच्या पलीकडे ती खोकत होती. खोकला आला की त्याचा हात थांबे आणि तो श्वास रोखून धरी. काही वेळाने ती म्हणाली, "काका, पडदा वरून खाली सोडता येतो, तसा खालून वर न्हाय का नेता येणार?"

"कशाला?" सवयीने त्याच्या तोंडून गेलं.

"खालचा अर्धा लावला की खाटेला वारा लागणार न्हाय. वरचा अर्धा उघडा राहिला तर मला समुद्र दिसंल. आता लपवायचं काय राहिलंय?"

त्याने शिवलेलं पुन्हा उसवलं. दुसऱ्या दिवशी आणखी दोन कप्प्या आणून वरच्या बल्लीलाही दोर लावला, म्हणजे पडदा वरूनही उतरवता यावा. हे काम त्याला सहज जमलं नाही. कड्या अडकत, बल्ली तिरपी होई. पुष्कळ दिवस तो येत राहिला. घरी गेल्यावर भागुबाई त्याला अंगणातच आंघोळ करायला लावी आणि पाणी ओतता ओतता विचारी, "कशी हाय पोर?" तो म्हणे, "खोकते कमी." तिला ते खरं वाटे की नाही, कोण जाणे. एकदा ती स्वतःच नागावला गेली आणि पाटलीणबाईंपाशी बसून आली. परत आल्यावर म्हणाली, "व्हय, कमी खोकते." म्हणजे तिने पडताळून पाहिलं होतं.

सुयांनी गुण दिला. पहिल्या पावसाळ्यानंतर काशी वाडीत चालायला लागली, दुसऱ्यानंतर अंगावर मांस दिसायला लागलं. परळहून निरोप आला नाही. नवऱ्याने दुसरी केल्याचं लाँचीवरच्या लोकांकडून कळलं. पाटील तोवर थकले होते. दिवसभर पडवीत बसून काय करणार, म्हणून काशीने येसाजीकडे दोरा मागितला. आधी कडा दुमडायला शिकली, मग पट्टे जोडायला. येसाजी तिची शिवण ओढून ओढून बघायचा, टाके मोजायचा, कापड उजेडात धरायचा. ती चिडायची नाही. "बघा," म्हणायची, आणि पुढचा पट्टा घ्यायची.

पुढे ती मोऱ्याला त्याच्या ओसरीवर येऊन काम करू लागली. भागुबाईने पहिले काही महिने तिचा पेला वेगळा ठेवला. मग एकदा तो पेला फुटला आणि तिने दुसरा आणला नाही. गावात मात्र कुरबुर झाली. उरणच्या एका वाण्याने पडदे परत पाठवले, क्षयवालीच्या हातचे टाके नकोत म्हणून. तेव्हा थळ-किहीमकडे मुंबईच्या लोकांचे बंगले होत होते. त्या लोकांना टाके कोणी घातले याच्याशी घेणं नव्हतं, पडदा वाऱ्याला टिकतो की नाही एवढंच हवं होतं. येसाजीला त्यांचाही संशय यायचा. पण काम होतं.

थळच्या एका बंगल्याचे पडदे शिवायचे होते त्या वैशाखात दोघं ओसरीवर समोरासमोर बसले होते. मध्ये लांबच लांब कापड. येसाजीची नजर तोवर मंदावली होती. दाभणात दोरा काशीच ओवून द्यायची. भागुबाई आत तांदूळ निवडत होती. खूप दिवस तोंडापर्यंत येऊन परत जाणारा प्रश्न येसाजीने अखेर विचारला.

"काशे, त्या वेळी नाक्यावर कुणी सांगितलं असंल?"

तिने टाका पुरा केला. "बाबांना वाटतं, तुमी गेलात."

"मी न्हाय गेलो."

"ठाव हाय मला. हरेश्वरकाकांनी सांगितलं मला सगळं, कोण काय बोललं ते." तिने दोरा मेणावरून ओढला. "पाय दुसऱ्या कुणाचे गेले असतील नाक्यावर. तोंड तुमचंच व्हतं, काका."

आत सुपाचा आवाज थांबला. येसाजीने कापडाची कड चाचपली, जणू तिथे काहीतरी चुकलं होतं.

"मग तू इथे का येतेस?" त्याने शेवटी विचारलं. "माझ्याकडे?"

"शिवण तुमच्याकडेच शिकायला मिळते," काशी म्हणाली. "आणि तुमी निदान परत आलात. पडदा फाडताना बघायला आलेल्यांतलं दुसरं कोणीच परत आलं न्हाय."

आतून भागुबाई बाहेर आली. उंबऱ्यात उभी राहून तिने नवऱ्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ती त्याच्याकडे काही न शोधता बघत होती, असं त्याला वाटलं. पण ते खरं की आपल्या मनाचं, याची त्याला खात्री करता आली नाही. ती म्हणाली, "ऊन चढलंय, च्या टाकते," आणि आत गेली.

त्या वर्षी पाऊस लवकर आला. थळच्या बंगल्याचे पडदे काशीनेच जाऊन लावले. येसाजी घरीच होता. जोराचा वारा सुटला की तो दारात येऊन दक्षिणेकडचं, थळच्या बाजूचं आभाळ न्याहाळी आणि भागुबाईला म्हणे, "तळच्या आकड्यांचं पोरीने बघितलं असंल ना?"

"बघितलं असंल," ती म्हणे.

"मला न्हाय वाटत," येसाजी म्हणे आणि पुन्हा आत येऊन बसे.